अरण्यातला दंड

पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत नेणारे म्हणून जे सांकेतिक पत्र प्रसिद्ध आहे ते एका सावकारी पेढीचे होते, आणि म्हणूनच की काय, त्यातला शोकदेखील जमाखर्चाच्या भाषेत मांडलेला आहे: मोत्ये दोन, मोहरा सत्तावीस, आणि रुपये नि खुर्दा यांची तर मोजदादच नाही. दोन मोत्ये कोणती हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ झालेल्या या हिशेबाकडे क्षणभर परक्याच्या नजरेने पाहिले तर त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मोहरांत ज्यांची गणना झाली ते कसलेले सरदार, मुलूख जिंकलेले, खंडण्या वसूल केलेले, पदरी पागा बाळगणारे. म्हणजे ज्यांची किंमत जगाच्या पेठेत आधीच ठरून गेली होती असे. उलट दोन मोत्यांपैकी विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी जेमतेम अठरा वर्षांचे होते. पेशवाईचा वारसा हे त्यांच्या मोलाचे एक कारण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीपण महाराष्ट्र आजवर जो हळहळत आला तो गादीच्या वारसासाठी फारसा नाही, त्या कोवळ्या मुलाच्या पुढे जे वाढून ठेवलेले दिसत होते त्यासाठी आहे. जे अद्याप घडलेच नव्हते त्याला सावकाराने घडलेल्यापेक्षा चढा भाव लावला, आणि समाजाने तो बिनतक्रार मान्य केला.

न घडलेल्या गोष्टीला हा भाव कोणत्या न्यायाने लागतो? तरुण माणूस रणात पडतो तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय नाहीसे होते, आणि जे कधी अस्तित्वातच आले नाही ते नाहीसे झाले असे म्हणता येते काय? मला हा प्रश्न भावनेचा म्हणून सोडून द्यावासा वाटत नाही, कारण धर्मग्रंथांनी आणि दर्शनकारांनी त्याला जी उत्तरे दिली आहेत त्यांतली काही फार खोल असून काही, स्पष्टच बोलायचे तर, सोयीची आहेत. पानिपत मात्र त्याच्या विचाराला फार दूर पडते. बखरींनी त्या मुलाभोवती इतके लिहून ठेवले आहे की माणूस कोठे संपतो आणि आख्यायिका कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. म्हणून मी जवळचा दाखला घेतो.

अरुण खेत्रपाल याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. कुटुंब मूळचे सरगोध्याकडचे, फाळणीने इकडे आलेले. वडील लष्कराच्या अभियंता दलात अधिकारी, आणि शिपाईगिरी घराण्यात पूर्वापार चालत आलेली. सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये शिक्षण, १९६७ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पुढे डेहराडूनला, आणि १३ जून १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली ती सतराव्या ‘पूना हॉर्स’ या रिसाल्यात. या नावाने मराठी माणसाची छाती फुगते, पण जाता जाता एवढे नमूद केले पाहिजे की ज्या ‘पूना ऑक्झिलिअरी हॉर्स’पासून हा रिसाला आपली परंपरा मोजतो ते पथक १८१७ च्या तहान्वये दुसऱ्या बाजीरावाच्याच मुलखाच्या वसुलावर उभे राहिले, आणि १८१८ सालच्या पहिल्याच दिवशी कोरेगावला त्याच्याच फौजेशी लढले, इतिहासाला लाज नसते. १९७१ साली घोडे केव्हाच गेले होते, रिसाल्याकडे सेंच्युरियन रणगाडे होते. परंतु सवार, रिसालदार ही हुद्द्यांची नावे आणि घोडदळाचा तो जरा ऐटबाज रीतिरिवाज कायम होता.

नव्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी खेत्रपाल अहमदनगरच्या चिलखती दळाच्या शाळेत गेला होता. तो पुरा होण्यापूर्वीच युद्धाचे वारे वाहू लागले आणि पलटणीत रुजू होण्याचा हुकूम आला. वाटेत दिल्लीला घरी थांबला असता त्याने सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा पोशाख घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचा आहे आणि जिंकल्यावर मेजवानी होईल तेव्हा पोशाख नको काय, असे तो घरी म्हणाल्याची आठवण प्रसिद्ध आहे. या आठवणीचा उपयोग त्याच्या निर्भयतेचा पुरावा म्हणून करतात. मला तीत निर्भयतेपेक्षा निराळेच काही दिसते. ज्याला उद्याविषयी शंका आहे तो असले ओझे बरोबर घेत नाही; एकविसाव्या वर्षी उद्या ही वस्तू माणूस गृहीतच धरतो, आणि हे गृहीत धरणे हाच त्याच्या तारुण्याचा मुख्य ऐवज असतो.

शकरगड विभागात बसंतर नदी ओलांडून पायदळाने १५ डिसेंबरच्या रात्री पलीकडे पाय रोवला. सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट पुरती मोकळी झालेली नसतानाही लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी पूना हॉर्सचे रणगाडे पुढे काढले, आणि १६ तारखेला सकाळी जरपालजवळ पाकिस्तानच्या तेराव्या लान्सर्सचा, पॅटन रणगाड्यांनिशी, प्रतिहल्ला आला. अडचणीत सापडलेल्या स्क्वॉड्रनच्या मदतीला जे थोडे रणगाडे धावले त्यांत खेत्रपालचा ‘फामागुस्ता’ होता. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांपैकी चार त्याच्या हातून, आणि शेवटचा तर जेमतेम शंभर मीटरांवर, असे परमवीरचक्राच्या मानपत्रात नमूद आहे. सोबतच्या दोघा अधिकाऱ्यांपैकी एकाचा रणगाडा निकामी झाला, दुसऱ्याची तोफ बंद पडली. ‘फामागुस्ता’लाही गोळा लागून आग लागली तेव्हा रणगाडा सोडून देण्याचा हुकूम त्याला बिनतारी यंत्रावरून मिळाला, तोफ अजून चालते आहे, तेव्हा मी सोडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने यंत्र बंद केले. थोड्याच वेळात दुसरा गोळा बसला. त्याच दिवशी सायंकाळी साडेचारच्या सुमारास ढाक्याला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी रात्री पश्चिम आघाडीवरही तोफा थांबल्या. नोकरीची एकूण मुदत सहा महिने तीन दिवस.

आज खडकवासल्याच्या संचलनाच्या मैदानाला त्याचे नाव आहे, आणि दुरुस्त केलेला ‘फामागुस्ता’ अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ज्या शाळेतून तो अभ्यास अर्धवट टाकून गेला तेथेच जतन करून ठेवला आहे. सामान्यतः असल्या लेखाने येथे नतमस्तक होऊन थांबावे अशी रूढी आहे. पण आपला प्रश्न येथेच सुरू होतो.

आपल्या परंपरेने अशा मृत्यूवर जी सांत्वने सिद्ध करून ठेवली आहेत त्यांतले पहिले म्हणजे हा अकाली मृत्यू नव्हेच, मुदत संपली होती, हे. आदिपर्वात देवांचे अंश पृथ्वीवर उतरू लागतात तेव्हा सोम आपला लाडका पुत्र वर्चस् याला द्यायला राजी होत नाही. अखेर सोळा वर्षांच्या बोलीवर देतो, आणि तोच अभिमन्यू. कल्पना मोठी सुंदर आहे. आपण ज्याला अपूर्णता म्हणतो ती पलीकडच्या दप्तरात पूर्ण फेड म्हणून नोंदलेली असते. परंतु या करारनाम्यावर अर्जुनाची सही नाही, सुभद्रेची नाही आणि उत्तरेला तर तो कोणी वाचूनही दाखवलेला नाही. ज्यांच्याकडून वस्तू परत घ्यायची त्यांना ती उसनी आहे हे ठाऊकच नसेल, तर देणाऱ्याची बाजू कायद्याने कितीही पक्की असो, न्यायाने ती लंगडीच राहते. आणखी असे की चौदा भुवनांत ज्याची सोळा वर्षे ठरलेली होती तो एक अभिमन्यू. रणभूमीवर पडलेल्या प्रत्येक पोरासाठी असा करार शोधून काढू लागलो तर ते तत्त्वज्ञान न राहता कारकुनी होईल.

दुसरे सांत्वन द्रोणपर्वातले आहे, आणि ते मात्र हलक्या हाताने बाजूला सारण्याजोगे नाही. अभिमन्यूच्या वधानंतर खचून गेलेल्या युधिष्ठिराला व्यास मृत्यूच्या जन्माची कथा सांगतात. ब्रह्मदेवाच्या कोपातून निर्माण झालेली मृत्यू ही एक स्त्री आहे; प्रजेच्या संहाराचे काम तिला नेमून दिले जाते तेव्हा ती रडते, ते टाळण्यासाठी दीर्घ तप करते, आणि तिचे अश्रूच पुढे व्याधी होऊन माणसांना ग्रासतात. त्यानंतर सोळा थोर राजांच्या कथा येतात. एवढे पुण्यवान, एवढे दानशूर, तेही गेले, मग तुझ्या पुतण्याचे काय, असा त्यांचा मथितार्थ. युधिष्ठिर सावरतो. पण ज्या कवीने साक्षात मृत्यूलाच रडवले त्याने सांत्वनाची मर्यादाही ओळखलेली आहे, कारण याच पर्वात पुढे सुभद्रेचा विलाप आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्ण, तिचा भाऊ, तिला सांगतो की क्षत्रियाला हवी तीच गती तुझ्या मुलाला मिळाली. आणि ती ऐकून घेऊन पुन्हा रडतच राहते. तिच्या अश्रूंना अज्ञान म्हणण्याचा मोह व्यासांनी आवरला आहे. नंतरच्या कीर्तनकारांना, आणि अलीकडे जाहीर सभांतून बोलणाऱ्यांना, तो नेहमीच आवरला असे म्हणवत नाही. वीराला स्वर्ग मिळाला, त्याच्या आयुष्याचे सार्थक झाले, हे जिवंत माणसांच्या तोंडी फार लवकर येते. आणि जितक्या लवकर येते तितका मला त्याचा संशय येतो, कारण सार्थक झालेल्या आयुष्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

तिसरे उत्तर गीतेच्या सहाव्या अध्यायातले. योगाच्या वाटेवर निघालेला परंतु अर्ध्यावर पडलेला साधक, ना इकडचा ना तिकडचा, फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना, अशी शंका अर्जुन विचारतो. आणि उत्तर येते की चांगले करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही, तो पवित्र घरी किंवा योग्यांच्या कुळात पुन्हा जन्म घेतो आणि सोडलेल्या जागेपासून पुढे चालू लागतो. मानवजातीला मिळालेल्या आश्वासनांत याच्यासारखे उदार आश्वासन क्वचितच असेल. पण ते कोणत्या गोष्टीविषयी आहे ते नीट पाहिले पाहिजे. केलेला प्रयत्न वाया जात नाही, एवढेच ते सांगते. योगाचे फळ कोठल्याही देहात तेच असते, म्हणून ते एका देहातून दुसऱ्यात नेता येते. एका विशिष्ट आईचा मुलगा असणे, एका रिसाल्यात दहा वर्षांनी स्क्वॉड्रन सांभाळणे, लग्न करणे, वडिलांच्या म्हातारपणी त्यांच्या औषधांवरून त्यांच्याशी वाद घालणे, ही फळे या देहाबाहेर नेता येत नाहीत. पुढल्या जन्मी दूरच्या कोठल्या घरात एखादे मूल अकारण धीट निघाले तरी या घरातली ती खोली रिकामीच राहणार. गीतेने दिलेल्या शब्दाला येथे बाध येत नाही. आपणच तो शब्द, जेथे तो दिलेला नाही तेथवर, ताणत असतो.

आता या प्रश्नाची जी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि जिच्याकडे आपल्याकडे फारसे कोणी वळत नाही, ती नैयायिकांची. ज्यांना न्यायशास्त्र म्हणजे घटापटाची कोरडी खटपट वाटते त्यांनी थोडा धीर धरावा. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा पाठशाळेत मुलांच्या हाती पहिल्याने देण्यात येणारा ग्रंथ. त्यात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. घट तयार होण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही पण अंत आहे, कारण घट झाला की तो संपतो. घट फुटल्यावर होतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. जी वस्तू तिन्ही काळी नसते तिचा अत्यंताभाव. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे घट हा पट नव्हे. त्याचे येथे काम नाही.

आता पन्नाशीचा, कानशिलांवर पिकलेला, ब्रिगेडियर अरुण खेत्रपाल ही वस्तू विचारात घ्या. १५ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत त्याच्या आईवडिलांनी, सोबत्यांनी, वरिष्ठांनी तिचा प्रागभाव मानला: अजून नाही, पण होईल. दुसऱ्या दिवशी जे घडले त्याने त्या वस्तूचा नाश झाला असे आपण बोलतो, म्हणजे प्रध्वंसाभाव मानतो. नैयायिक येथे हात वर करील. जी वस्तू उत्पन्नच झाली नाही तिचा ध्वंस कसा? आणि ज्याचा अंत होणारच नव्हता तो प्रागभाव तरी कसा? शास्त्राने पाहता तो ब्रिगेडियर तिन्ही काळी नव्हता. १४ ऑक्टोबर १९५० ला नव्हता, प्रबोधिनीत शिकत असताना नव्हता, आणि पुढेही नाही. म्हणजे मृत्यूने केवळ भविष्य हिरावले असे नाही. ज्याला सगळे जण एकवीस वर्षे ‘अजून नाही’ म्हणत होते ते मुळातच ‘कधीच नाही’ होते, असा मागील काळाचाही निवाडा त्याने फिरवला. शोक करणारा अत्यंताभावाला प्रध्वंसाभाव समजून रडतो आहे. त्याची तर्कात चूक आहे. इतके क्रूर आणि इतके निर्दोष अनुमान मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आणि तरीही सुभद्रा चुकत नाही असे मला वाटते. आणि ते म्हणायला आधारही नैयायिकांकडेच मिळतो. कारणाच्या विचारात ते एक भेद करतात. प्रत्यक्ष फळ देत असलेले कारण वेगळे आणि फळ देण्याची स्वरूपयोग्यता असलेले कारण वेगळे. याचे त्यांचे नेहमीचे उदाहरण अरण्यातल्या दंडाचे. कुंभार चाक फिरवतो तो दंड घटाचे कारण होय. पण रानात पडलेला तसाच दंड, ज्याला कुंभाराचा हात कधी लागणार नाही, ज्याच्यापासून एकही घट होणार नाही, तोही घटाला योग्यच असतो. ही योग्यता कल्पनेतली नाही. ती भविष्यकाळातही राहत नाही. ती आज, या क्षणी, त्या लाकडात असते. घट होवो न होवो, तिच्यात काही कमी पडत नाही.

माझे म्हणणे एवढेच की तरुण माणसाच्या बाबतीत आपण ज्याला उमेद म्हणतो ती ही योग्यता होय, आणि तिच्यावर आपण अकारण हुंडीचे रूप लादले आहे. हुंडी वटली नाही तर कागद फुकट. योग्यतेचे तसे नाही. सनावर, खडकवासला, डेहराडून, अहमदनगर येथे जे त्या मुलात साठत गेले, नजर, हातोटी, माणसांना विश्वास वाटेल असा आवाज, चूक झाल्यावर सावरण्याची ताकद, ते सगळे १६ डिसेंबरच्या सकाळी पूर्णपणे अस्तित्वात होते. नष्ट झाले ते हे. हा प्रध्वंस खरा आहे, त्याला तारीख आहे, तर्काचा त्याला विरोध नाही. पन्नाशीच्या ब्रिगेडियरसाठी रडण्याचे कारण नाही. तो कदाचित झालाही नसता. आपण सर्वांनीच होतकरू मुले पुढे काय होतात ते पाहिले आहे. दहांतली आठ चारचौघांसारखी होतात, त्यांत काही वाईटही नाही. खेत्रपालही कदाचित निवृत्तीनंतर गोल्फच्या मैदानावर भाववाढीबद्दल कुरकुरणारा एक सज्जन कर्नल झाला असता. तसे झाले असते तरी त्याच्या एकविसाव्या वर्षीच्या योग्यतेचे मोल रतिभरही उतरले नसते.

याच न्यायाने उलट बाजूही पाहता येते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा परंपरेच्या गणनेप्रमाणे त्यांचेही वय एकवीसच होते, आणि त्यांच्याबद्दल अपुरे राहिले असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केले नाही. ज्ञानेश्वरी तर पंधराव्या वर्षीच होऊन गेली होती. पण नामदेवांच्या समाधिप्रकरणाच्या अभंगांतून जो शोक दिसतो तो पाहावा. निवृत्तीनाथांसारखा गुरू तेथे धीर सोडतो. सगळे पूर्ण झालेले असतानाही जर एवढे दुःख होते, तर दुःखाचे कारण अपूर्णता हे नसले पाहिजे.

सावकाराच्या पत्रातला खुर्दाही येथे आठवल्यावाचून राहत नाही. योग्यता फळावर अवलंबून नसेल तर ती हुद्द्यावरही नसणार. ‘फामागुस्ता’मध्ये चौघे जण होते; त्या दिवशी त्यात प्राण गमावणारा अधिकारी हा एकटा नव्हता. सवाराच्या नावाने मैदान होत नाही, कारण त्याच्याकडून कोणी काही मोठे अपेक्षिले नव्हते. आणि ही अपेक्षा त्याच्या गुणांवरून ठरली नसून त्याच्या गावात शाळा कितवीपर्यंत होती यावरून ठरली होती. अकाली गेलेल्यांविषयी आपण जे हळवे लिहितो त्यात हा अन्याय नकळत वारंवार घडतो: ज्याच्या भविष्याचे चित्र आपल्याला रंगवता येते त्याच्यासाठी आपण रडतो.

खेत्रपालने रणगाडा सोडला नाही त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हणूत सिंगांनी आदल्या रात्रीच बजावले होते की रणगाडे जागचे मागे हटणार नाहीत. हे हणूत सिंग स्वतः मोठे विलक्षण पुरुष. अविवाहित, युद्धाच्या पूर्वीपासून साधनेत रमलेले, लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर डेहराडूनला आश्रमवृत्तीने राहून २०१५ साली एक्क्याऐंशीव्या वर्षी गेलेले. हुकूम देणारा आणि तो शेवटपर्यंत पाळणारा, या दोघांच्या आयुष्यांत साठ वर्षांचे अंतर पडले. यावरून कोणी असे म्हणेल की त्या मुलाने त्या एका निर्णयात जे मिळवले ते दुसऱ्याला साठ वर्षांच्या साधनेने मिळते, म्हणून ते आयुष्य पूर्णच होते. मला हे पटत नाही. तो निर्णय पूर्ण होता, यात शंका नाही; त्याच्यात पुढे भर घालण्याजोगे काही उरले नव्हते. परंतु निर्णय पूर्ण होणे आणि आयुष्य पूर्ण होणे या दोन गोष्टी एक मानल्या की मग शत्रूचा गोळा हा जणू ग्रंथाच्या शेवटी मारायचा शिक्का ठरतो. तो गोळा गोळाच होता.

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात एक प्रसंग आहे; त्याला पुत्रदर्शन म्हणतात. युद्धाला पंधरा वर्षे उलटून गेली आहेत, धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात आहेत, पांडव भेटीला आले आहेत, आणि एवढ्या काळानंतरही कोणाच्याच मनातला सल गेलेला नाही. व्यास आपल्या तपोबलाने रणात पडलेल्या सर्वांना एका रात्रीपुरते गंगेच्या पाण्यातून वर आणतात. ते येतात ते आपापल्या त्याच पोशाखात, त्याच ध्वजांनिशी, फक्त वैर तेवढे मागे ठेवून. कर्ण पांडवांना भेटतो, मारणारे आणि मारलेले एका रात्रीत एकत्र बसतात. त्यांत अभिमन्यू आहे. माझे लक्ष एका गोष्टीने वेधून घेतले आहे: तो मोठा झालेला नाही. त्याचा मुलगा परीक्षित आता जवळपास त्याच्या वयाचा झाला आहे, आणि तो मात्र जसा चक्रव्यूहात शिरला तसाच वर येतो. ज्या कवीला मेलेल्यांना उठवण्याचे सामर्थ्य होते त्याला त्यांची न जगलेली वर्षे दाखवणे काय अवघड होते? त्याने ते केले नाही. जे होते ते त्याने परत आणले. जे झाले असते त्याला हात लावला नाही.

२००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, वय ऐंशीच्या घरात, आपले सरगोध्याचे जुने घर पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमान होते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर. पाहुणचारात काही उणे नव्हते. पण यजमानांच्या मनात काही तरी सलते आहे असे पाहुण्यांना जाणवत होते. निरोपाच्या आधी नासरांनी सांगितले की १६ डिसेंबरच्या त्या सकाळी तेराव्या लान्सर्सच्या हल्ल्याचे नेतृत्व आपण करीत होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. तो कसा लढला तेही त्यांनी सांगितले. तीस वर्षे मानपत्राच्या सरकारी भाषेत जी सकाळ वडिलांकडे होती ती त्या रात्री समोरच्या रणगाड्यातून पाहणाऱ्याच्या तोंडून त्यांना मिळाली. नासरांना ती तीस वर्षे मिळाली होती, हुद्दा मिळाला होता, पिकलेले केस मिळाले होते. त्यांतले काहीही ते पाहुण्याला देऊ शकत नव्हते. जे देण्याजोगे होते ते दिले, आणि वडिलांनी ते घेतले.

‘फामागुस्ता’च्या तोफेने जे चार रणगाडे फोडले त्यांतही माणसे होती, बहुतेक त्याच वयाची, पंजाबच्याच कोठल्या तरी गावांतली. त्यांचे वडीलही वाट पाहतच म्हातारे झाले असतील. नासरांनी जे काम केले ते त्यांच्यासाठी करायला, सरगोध्याकडचे मूळ असलेला, गोल्फच्या निमित्ताने लाहोरला जाण्याची हौस असलेला आणि त्यांची बोली समजणारा असा एक अधिकारी पूना हॉर्समध्ये होता.